मंगळवारी ऑफिसात कोण असणार?

प्रश्न : काका, माझी नाशकात सॉफ्टवेअर सेवा देणारी छोटी कंपनी आहे. 42 माणसं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सगळ्यांना लॅपटॉप देऊन घरी पाठवलं आणि खरं सांगतो, काम छान चाललं. मुंबई नाक्याजवळची भाड्याची जागाही सोडून दिली. गेल्या वर्षी मात्र इंदिरानगरला नवीन ऑफिस घेतलं. 50 खुर्च्या, पॅन्ट्री, टेबल टेनिसचं टेबल, सगळं केलं. येतात आठ-नऊ जण. शुक्रवारी पिझ्झा ठेवून पाहिला, तर वीस जण आले, जेवले आणि तीनला गेले. मग मेल काढली : आठवड्यातून चार दिवस यायलाच हवं, नाहीतर अप्रेझलवर परिणाम होईल. दोघांनी राजीनामे दिले. त्यातली एक माझी सगळ्यात चांगली टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी. आता माघार घ्यावी तर धाक राहणार नाही, रेटावं तर आणखी माणसं जातील. तुम्ही सातपूरच्या कारखान्यात आयुष्यभर माणसंच सांभाळलीत, म्हणून विचारतो.
*(एक उद्योजक, इंदिरानगर)*

उत्तर : तुमच्या पत्रात खुर्च्या किती ते आहे, टेबल टेनिस आहे, पिझ्झा आहे. ऑफिसात येऊन माणसांनी नेमकं कोणतं काम करायचं, जे घरून नीट होत नाही, ते मात्र कुठेच नाही. मला शंका आहे की तुमच्या त्या मेलमध्येही ते नसणार. असेल ते 'टीम स्पिरिट', 'कल्चर' असलं काहीतरी.

तुमचा एखादा माणूस ओझरला राहतो असं धरू. जाऊन-येऊन 40-45 किलोमीटर, म्हणजे दुचाकीला साधारण लिटरभर पेट्रोल, म्हणजे शंभराच्या वर गेले. तुम्ही चार दिवस म्हणालात त्या क्षणी त्याच्या महिन्याच्या पगारातून दीड-दोन हजार आणि आठवड्यातून पाच-सहा तास कापले गेले. द्वारकेचा चौक ज्या दिवशी तुंबतो त्या दिवसाचा हिशेब वेगळाच. पगार कापताना आपण कर्मचाऱ्याला कारण देतो ना? इथं कारण न देता कापला, आणि वर अप्रेझलची भीती घातली. टेस्टर मुलगी जाणारच होती. चांगल्या माणसाला दुसरीकडं बोलावणं असतं, त्यामुळं सक्ती केली की पहिल्यांदा तोच उठतो. ज्यांना कुठं जाता येत नाही ते राहतात आणि खुर्च्या भरतात.

आता सातपूरचंच सांगतो. मी ज्या कारखान्यात कार्मिक विभागात होतो तिथं हजेरी बक्षीस होतं. महिन्यात एकही खाडा नाही तर ठरावीक रक्कम, एक खाडा झाला की सगळी गेली. कागदावर झकास योजना. प्रत्यक्षात तापानं फणफणलेला माणूस लेथवर उभा राहायचा आणि शेजारच्या दोघांना ताप देऊन जायचा. आणि ज्याचा तीन तारखेलाच खाडा पडला तो म्हणायचा, बक्षीस गेलंच आहे, आता मेहुण्याचं लग्न, गावची जत्रा, सगळं या महिन्यातच उरकून घेऊ. टाइम ऑफिसच्या रजिस्टरात आकडे चांगले दिसायचे, मशीनशॉपमध्ये फोरमन डोक्याला हात लावून बसायचा. तुमच्या पिझ्झ्याचं आणि तुमच्या मेलचं यापेक्षा वेगळं काही होणार नाही. दहाला येऊन अंगठा लावायचा, चहा प्यायचा, दोन जणांना तोंड दाखवायचं आणि साडेबाराला 'घरून कॉल घेतो' म्हणून निघायचं. हे आत्ताच सुरू झालं असेल. तुमच्या कानावर आलं नसेल एवढंच.

मोठ्यांनी केलं म्हणून आपणही करावं, असं तुमच्या मनात आलं असणार. टीसीएसनं 2020 मध्ये सांगितलं होतं की 2025 पर्यंत एका वेळी 25 टक्क्यांहून जास्त माणसं ऑफिसात लागणार नाहीत. त्याच टीसीएसनं ऑक्टोबर 2023 पासून सगळ्यांना पाचही दिवस बोलावलं. ॲमेझॉननं जानेवारी 2025 पासून पाच दिवस केले. आणि ज्या झूमवर सगळं जग घरी बसून बोलत होतं, त्या झूमनं ऑगस्ट 2023 मध्ये आपल्याच माणसांना सांगितलं, ऑफिसपासून 50 मैलांच्या आत राहता ना, मग आठवड्यातून दोन दिवस या! (हे वाचलं त्या दिवशी मी चहा सांडेपर्यंत हसलो होतो.) पण त्यांच्याकडं एक गेला तर दारात शंभर उभे असतात. तुमच्या दारात कोण उभं आहे? त्या मुलीसारखी टेस्टर नाशकात शोधायला तुम्हाला किती दिवस लागतील, ते तुम्हालाच ठाऊक. तोवर पुण्या-बंगळुरूची एखादी कंपनी तिला तिच्या घरीच काम देईल.

या बाबतीत एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो वर्तमानपत्री मतांवर नाही, प्रत्यक्ष माणसांवर झालेला आहे. ट्रिप डॉट कॉम नावाची चिनी प्रवास कंपनी आहे. तिथं स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळाशेवर कर्मचाऱ्यांचे दोन गट केले, तेही जन्मतारीख सम की विषम यावरून, म्हणजे वशिल्याला जागाच नाही. एका गटाला बुधवार आणि शुक्रवार घरून काम, दुसऱ्याला पाचही दिवस ऑफिस. निष्कर्ष 2024 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आले. पुढची दोन वर्षं कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांमध्ये दोन गटांत फरक दिसला नाही. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण मात्र घरून काम करणाऱ्या गटात एक तृतीयांशानं घटलं, आणि ते सगळ्यात जास्त घटलं बायकांत आणि लांबून येणाऱ्यांत. गंमत म्हणजे तिथल्या मॅनेजरांना आधी वाटत होतं की काम घसरेल. प्रयोग संपल्यावर त्यांचंच मत फिरलं.

पण याच ब्लूम यांनी याच कंपनीत त्याआधी कॉल सेंटरच्या लोकांवर एक प्रयोग केला होता, आठवड्यातले चार दिवस घरून. तिथं काम 13 टक्के वाढलं, आणि तरीही पुढं मोकळीक दिल्यावर घरी बसलेल्यांतले जवळपास निम्मे ऑफिसात परत आले. कुणीही मेल न काढता. घरी एकटं वाटत होतं म्हणून.

म्हणजे माणसं ऑफिसची वैरी नाहीत. रिकाम्या ऑफिसची आहेत. तुमच्याकडं एखादा बिचारा सोमवारी येतो तेव्हा त्याच्या टीममधला एक गंगापूर रोडवर घरी असतो, एक नागपूरला, एक झोपलेला. मग हा हेडफोन लावून त्याच तिघांशी 'टीम्स' या व्हिडिओ कॉलच्या ॲपवर बोलतो. त्यासाठी इंदिरानगरला कशाला यायचं? माणूस ऑफिसात येतो तो दुसऱ्या माणसासाठी. मंगळवारी ऑफिसात कोण असणार, हे त्याला सोमवारी रात्री माहीत असलं पाहिजे. बाकी सगळं याच्या पोटात येतं.

तेव्हा आधी ती मेल मागे घ्या. धाक जाईल म्हणता, पण मेल मागे घेतल्यानं धाक जात नसतो. मेल आहे आणि कुणी पाळत नाही, हे महिनोन् महिने दिसत राहिलं की जातो. साध्या मराठीत लिहा : चार दिवसांचा निर्णय घाईचा होता, आता आपण टीमनिहाय बसून ठरवू.

मग खरंच बसा. एकेका टीमला विचारा, गेल्या तीन महिन्यांत कोणतं काम फोनवर रखडलं आणि समोरासमोर असतो तर अर्ध्या तासात उरकलं असतं? पहिल्यांदा कुणी बोलणार नाही. दुसऱ्या चहाला बोलतील. नवीन प्रकल्पाचा पहिला आठवडा निघेल. टेस्टर म्हणते बग आहे, डेव्हलपर म्हणतो माझ्या मशीनवर चालतंय, हे भांडण निघेल. क्लायंटनं झापल्यानंतर नक्की काय चुकलं ते शोधणं निघेल. नवीन पोरांना शिकवणं तर निघेलच, त्याबद्दल पुढच्या पत्रात बोलतो. या कामांसाठी टीमनं स्वतः दोन दिवस धरावेत आणि त्या दिवशी अख्ख्या टीमनं यावं. सलग तीन तास डोकं घालून कोड लिहायचा तर घर बरं, तिथं हट्ट धरू नका. अमेरिकेच्या क्लायंटशी रात्री साडेनऊला बोलणाऱ्याला सकाळी दहाला खुर्चीत बघायची हौस तर अजिबात नको.

यायच्या दिवशीची वेळ अकरा ते साडेचार ठेवलीत तरी चालेल, उरलेलं घरी करतील, सगळ्यांचं गर्दीतून येणं वाचेल. येण्याजाण्याचे पैसे द्या, आणि ते हजेरी बक्षीस म्हणून नको, प्रवासखर्च म्हणून द्या. एकच दिवस आला तरी त्या एका दिवसाचा मिळावा. 2021 पासून सिटीलिंकची शहर बस आहे, पण तुमच्या दारापासून थांबा किती लांब आहे ते स्वतः एकदा चालून बघा. पावसाळ्यात बघा.

आणखी एक, आणि हे तुम्हाला मुंबई-पुण्याचा कुठला सल्लागार सांगणार नाही. तुमच्या 42 जणांत निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडचे किती आहेत? त्यांच्या घरी द्राक्षबाग असेल तर गेल्या काही वर्षांत घरून काम म्हणजे त्यांच्यासाठी बाग सांभाळणंही होतं. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), मध्येच अवकाळी आला तर डावणी हा बुरशीचा रोग येईल म्हणून फवारणीची धावपळ. वडील एकटे पडतात. तुमची पोरं हे तुम्हाला सांगत नाहीत. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवतात, आणि ट्रॅक्टरचा आवाज आला की म्यूट. आमच्या कारखान्यात निम्मे लोक शेतीवाले. आमच्या रजेच्या तक्त्यात छाटणी आणि काढणी ही दिवाळीसारखी आधीच मांडलेली असायची, कारण नाही मांडली तरी माणसं जायचीच, फक्त मग आजी वारायची. तुम्हीही मांडा. ऑक्टोबरात ज्याला तीन आठवडे गावी राहून काम करायचंय त्यानं उघड सांगावं, आणि तुम्ही हसून हो म्हणावं. ती पोरं डिसेंबरात न बोलावता येतील.

तसंच 2027 च्या सिंहस्थाचं. ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानाच्या पर्वण्या आहेत. 2015 ला गावात बॅरिकेडं लागली होती तेव्हा नाशिककरालाच नाशकात फिरता येत नव्हतं, आठवत असेल. त्या आठवड्यांत घरूनच काम, हे आजच जाहीर करून टाका. एक रुपया खर्च नाही, आणि मालक विचार करतो हे माणसांना कळतं.

तुम्ही स्वतः ऑफिसात किती वेळ असता आणि कुठं बसता, हेही पत्रात नाही. काचेच्या केबिनमध्ये दार लावून दिवसभर क्लायंटशी बोलत असाल तर तुम्हीही घरीच आहात. मंगळवारी अकरा ते एक बाहेरच्या टेबलावर बसा. कामाला बसा, नजर ठेवायला नव्हे, माणसांना फरक लगेच कळतो.

त्या टेस्टर मुलीला फोन करा. परत ये म्हणायला नको. फक्त विचारा, काय केलं असतं तर तू थांबली असतीस? आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका. सल्लागाराला लाखभर रुपये देऊन जे कळणार नाही ते दहा मिनिटांत कळेल.

---

प्रश्न : काका, मी सिन्नरचा. इंजिनिअरिंग करून नाशिकच्या एका कंपनीत वर्षापूर्वी लागलो. घरी जागा नाही, वीज जाते, म्हणून रोज ऑफिसला येतो. पण तिथं मी, वॉचमन आणि अकाउंट्सचे एक सर एवढेच. माझे सीनियर घरून काम करतात. चॅटवर शंका विचारली तर उत्तर तीन तासांनी येतं, आणि चार वेळा विचारलं की आपण त्रास देतोय असं वाटतं. वर्षभरात मी काय शिकलो, हेच कळत नाही.
*(एक वाचक, सिन्नर)*

उत्तर : शंका खरी आहे तुझी. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांचा अभ्यास झालाय. ज्यांची टीम एकाच इमारतीत जवळ बसायची त्यांना त्यांच्या कोडवर सीनियरांकडून जास्त सूचना मिळत, आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदा नव्या पोरांना होई. मात्र शिकवण्यात वेळ गेल्यानं सीनियरांचं स्वतःचं काम थोडं कमी भरे. म्हणजे तुझा सीनियर घरी बसतो त्यात त्याचा फायदा आहे आणि तोटा तुझा. तो वाईट माणूस आहे असं नाही, त्याला हे दिसतच नाही.

आमच्याकडं शिकाऊ पोरगा जुन्या फिटरच्या बाजूला उभा राहायचा. फिटर 'शिकवतो' असं कधी म्हणायचा नाही. पाना कसा धरायचा, मशीनचा आवाज बदलला की हात कुठं जायचा, हे बघूनच यायचं. बघणं हेच तुझ्याकडून काढून घेतलंय. तेव्हा 'मला शिकवा' असं मोघम म्हणू नकोस, बघायला माग. सीनियरला सांग, 'सर, आठवड्यातून एक दिवस तुम्ही ऑफिसला आलात तर मी बाजूला बसेन, तुम्ही तुमचंच काम करा.' नाही जमलं तर रोज अर्धा तास स्क्रीन शेअर करून तो काम करेल आणि तू गप्प बघशील. शंका दिवसभर सुट्या सुट्या टाकू नकोस. साठव, काय करून पाहिलंस ते लिही, आणि चारला एकदम विचार. जो नीट विचारतो त्याला टाळणं लोकांना जड जातं.

हे करूनही तीन-चार महिन्यांत काही हललं नाही, तर जिथं माणसं एकत्र बसतात अशी नोकरी बघ. तेविशी-चोविशीत पगार दोन हजारांनी कमी मिळाला तरी चालेल. आणि मॅनेजरशी बोलशील तेव्हा वरच्या पत्रातल्या मालकांना दिलेलं उत्तर खुशाल दाखव.

---

प्रश्न : माझी कंपनी पुण्याची, सासर नाशिकला. तीन वर्षं घरून काम केलं. बाळंतपणाची रजा संपत आली आणि आता कंपनी म्हणते, आठवड्यातून तीन दिवस पुण्याला या. बाळ सहा महिन्यांचं. सासूबाई म्हणतात, नोकरी सोड, नंतर बघू. कायद्यानं मला काही आधार आहे का?
*(एक वाचक, पाथर्डी फाटा)*

उत्तर : आधार आहे, पण जेवढा तुम्हाला हवा तेवढा नाही. बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा देणाऱ्या, मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीत असं कलम आलं की कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करण्याची मुभा मालक देऊ शकतो, किती काळ आणि कोणत्या अटींवर ते दोघांनी ठरवायचं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. 'देऊ शकतो' असं आहे, द्यायलाच हवं असं नाही. त्यामुळं हक्क म्हणून भांडायला जाऊ नका, कलम दाखवून वाटाघाट करा. कंपनीत 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, तीही विचारा. पण तुमचं बाळ नाशकात, त्यामुळं पुण्याच्या पाळणाघराचा तुम्हाला उपयोग नाही, हे एचआरला ऐकू द्या. त्यातूनच तुमची मागणी पटते.

नाशिक-पुणे अजून थेट रेल्वेमार्ग नाही. संगमनेर, नारायणगाव करत बसनं पाच तास. आठवड्यातून तीन दिवस येणं म्हणजे पुण्यात खोली घेणं, हे त्यांना लेखी सांगा. सहा महिने पूर्ण घरून, नंतर महिन्यातून सलग तीन दिवस पुण्यात, असा प्रस्ताव तुम्हीच द्या. तुमच्या आधीच्या तीन वर्षांच्या कामाचे आकडे सोबत जोडा. तोंडी हो म्हणाले तरी मेलवर घ्या, मॅनेजर बदलतात.

सासूबाईंना वाईट म्हणू नका, नातवाची काळजी आहे त्यांना. पण राजीनामा द्यायचा की नाही हे कंपनीचं उत्तर आल्यावर. आत्ताच देऊन टाकलात तर कंपनीचा प्रश्न सुटेल, तुमचा नाही.

---

प्रश्न : आमचे चिरंजीव सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर लॅपटॉपसमोर असतात. वरती इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा. शेजारी विचारतात, मुलाची नोकरी गेली का? परवा मुलीकडच्यांनीही विचारलं. त्याच्या कंपनीनं त्याला बोलावून घ्यावं म्हणून मी त्यांच्या साहेबांना पत्र लिहू का?
*(एक ज्येष्ठ नागरिक, सिडको)*

उत्तर : अजिबात लिहू नका! मुलीकडच्यांना पगाराची स्लिप दाखवा, शेजाऱ्यांना काहीच दाखवू नका. दोन खोल्यांतली एक त्याची दहा ते सात, असं घरात ठरवून टाका, आणि टीव्हीचा आवाज बारीक. गॅसचं सिलिंडर आलं, कुरिअर आलं, भाजीवाला आला म्हणून त्याला मीटिंगमधून उठवत असाल तर तेवढं बंद करा. सिलिंडर तुम्ही घ्या, निवृत्त तुम्ही आहात.